फ्लिट, ॲन आणि अंगावरची पावडर

आजोळी दिवेलागणीच्या आधी मामा माळ्यावरून फ्लिटचा पंप काढायचा. पत्र्याची नळी, पुढे लटकणारी छोटी डबी, मागे लाकडी मुठीचा दांडा. आजी आधी हंडे-कळशांवर झाकण्या ठेवायची, दुधाचं पातेलं उचलून बाहेर न्यायची आणि आम्हा पोरांना ओट्यावर पिटाळायची. मग दारं-खिडक्या बंद. आतून नुसता फुस्स-फुस्स आवाज. अर्ध्या तासानं दार उघडलं की रॉकेलसारखा वास आणि जमिनीवर पाय वर करून पडलेले डास. नाकाला रुमाल बांधलेला मामा बाहेर येऊन राखेनं हात घासायचा. वास जायचा नाहीच. त्या रात्री तो चमच्यानं भात खायचा.

‘फ्लिट मार रे जरा’ हे वाक्य आमच्याकडे ‘केर काढ’ इतकंच घरगुती होतं. फ्लिट हा शब्द मला कितीतरी वर्षं मराठीच वाटायचा. पुढे कळलं की ते अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या औषधाचं नाव. आणि त्याहून नंतर कळलं की ते नाव घराघरांत पोचवणारा माणूस म्हणजे डॉ. स्यूस. होय, मुलांच्या पुस्तकांतल्या उंच टोपीवाल्या मांजराचा बाप.

१९२८ पासून सुमारे १७ वर्षं थिओडोर स्यूस गायझेल फ्लिटच्या जाहिराती काढत होता. साचा ठरलेला: कुठलासा अवाढव्य, चमत्कारिक किडा चाल करून येतोय आणि कुणीतरी घाबरून हेन्री नावाच्या गृहस्थाला फ्लिट आणायला सांगतंय. चित्रात सगळ्यात मजेशीर कोण, तर किडा. १९४३ साली हाच हात अमेरिकी लष्कराच्या कामाला लागला आणि त्यानं डासाची एक छोटी पुस्तिका चितारली.

त्या पुस्तिकेपासून सुरुवात करून मला एक गोष्ट वाचून पाहायची आहे: परदेशी लढायला पाठवलेल्या सैनिकांना किड्यांपासून वाचवण्याची. ती चित्रांत, फिल्म्समध्ये आणि पुस्तकांत अनेकांनी सांगितली. त्यात किड्याला चेहरा मिळाला, औषधाला नायकपण मिळालं. पण ज्याच्या अंगावर औषध पडलं त्याला बोलायला जागा मिळाली ती फार उशिरा. आणि उशिरा बोलणाऱ्यावर लोकांचा विश्वास पटकन बसत नाही.

रक्त पिणारी बाई

आधी एक आकडा, म्हणजे हा सगळा प्रकार हसण्यावारी जाणार नाही. ब्रह्मदेशच्या आघाडीवर चौदाव्या सैन्याचं नेतृत्व करणाऱ्या जनरल विल्यम स्लिम यांनी ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ या १९५६ च्या आठवणींत लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारी म्हणून १२० जण मागे पाठवावे लागत होते. त्या आजारांत मलेरिया मोठा. त्या सैन्यात बहुसंख्य भारतीय होते, मराठा पलटणीही होत्या. म्हणजे डास हा तिथे खराखुरा शत्रू होता आणि त्याच्याशी लढणं ही चैन नव्हती.

स्लिम यांचा उपाय सरळ होता. मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घ्यायच्या. त्यांनी कातडी पिवळी पडायची आणि पुरुषत्व जातं अशी अफवाही पसरली होती, त्यामुळे सैनिक गोळ्या चुकवायचे. स्लिम अचानक एखाद्या तुकडीची तपासणी लावत. ९५ टक्क्यांपेक्षा कमी जणांच्या शरीरात औषध सापडलं तर तुकडीच्या प्रमुखाला घरी. अशा तिघांना काढावं लागलं, मग बाकीचे समजले, असं ते लिहितात.

अमेरिकी लष्करानं याच कामासाठी विनोदाची वाट धरली. ‘धिस इज ॲन’ ही १९४३ ची पुस्तिका. मजकूर मन्रो लीफचा. ‘फर्डिनांड’ या फुलं हुंगत बसणाऱ्या बैलाची गोष्ट लिहिणारा तोच. चित्रं गायझेलची. ॲन म्हणजे ॲनाफिलीस डासाची मादी. तिला दारूबिरू आवडत नाही, तिला सैनिकाचं रक्त आवडतं. ती रात्रीची फिरते, तिला ठिकठिकाणी गिऱ्हाइकं भेटतात. कपडे काढून हिंडणारा, फाटक्या मच्छरदाणीत झोपणारा, मलम लावायला कंटाळणारा सैनिक तिला आयता सापडतो.

पुस्तिका म्हणून ही उत्तम आहे, आणि ते आधी मोकळेपणानं मान्य करायला हवं. सरकारी सूचनापत्रकाचा जो रटाळ सूर असतो तो इथं एका ओळीतही नाही. वाचणारा विशीतला मुलगा, घरापासून हजारो मैलांवर, कंटाळलेला आणि भेदरलेला. त्याला उपदेश नको असतो. लीफ त्याच्याशी बराकीतल्या मित्रासारखा बोलतो आणि बोलता बोलता बाह्या खाली करायला, जाळीची भोकं शिवायला, मलम लावायला सांगतो. आपल्याकडच्या ‘परिसर स्वच्छ ठेवा’ छाप पाट्या आठवा म्हणजे फरक कळेल.

पण दुसऱ्यांदा वाचताना तीन गोष्टी खटकतात.

पहिली, ॲन ही बाई आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर. चावते ती मादीच. पण पुस्तिका तिथे थांबत नाही. ती ॲनला रात्री धंदा करणारी बाई बनवते. गुप्तरोगांबद्दल सैनिकांना बजावणाऱ्या त्या काळातल्या पोस्टरांत जी बाई असायची, तीच इथे पंख लावून येते. विनोद कळायला सोपा व्हावा म्हणून एक तयार भीती उसनी घेतलेली आहे.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जवळची. पुस्तिका सैनिकाला सांगते की संकट हवंच असेल तर संध्याकाळी जवळच्या स्थानिक वस्तीत जा. तिथे अशा ॲन पोटात मलेरिया भरून बसलेल्या असतात; गावातल्याच बायाबापड्यांकडून त्यांनी तो गोळा केलेला असतो. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनं यात तथ्य आहे. पण संपूर्ण पुस्तिकेत गावकरी येतात ते एवढ्यापुरतेच. जंतूंचं कोठार म्हणून. त्यांनाही ताप येतो, त्यांचीही पोरं दगावतात, हे कुठेच नाही. १९४३ मध्ये अमेरिकी सैनिक आसामातून लेडोचा रस्ता बांधत होते. ‘स्थानिक वस्ती’ म्हणजे तिथली गावं. पुस्तिका वाचता वाचता आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे एकदम लक्षात येतं.

तिसरी गोष्ट दिसायला सगळ्यात साधी. सैनिकाचं शरीर इथे फक्त लक्ष्य म्हणून येतं. ॲनला ते चावायला मिळतं किंवा मिळत नाही. अंगाला काय लावायचं हे सांगितलंय. लावल्यावर ते अंगाला कसं वाटतं, डोळे चुरचुरतात का, घामात मिसळून काय होतं, याबद्दल अक्षर नाही. १९४३ च्या पुस्तिकेकडून ही अपेक्षा ठेवणं अन्यायाचं, हे खरं. पण पुढच्या ५० वर्षांतल्या गोष्टीसुद्धा याच साच्यातून निघाल्या, म्हणून हा साचा नीट पाहून ठेवायला हवा.

किडा आणि शत्रू

गायझेल फ्रँक काप्राच्या फिल्म तुकडीत होता आणि तिथे ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाच्या कार्टून फिल्म्सवर काम करत होता. स्नाफू हा सगळं चुकीचं करणारा सैनिक. फिल्म्स फक्त सैनिकांसाठी होत्या, त्यामुळे भाषा आणि विनोद मोकळे. मलेरियावरच्या फिल्म्सपैकी दोन चक जोन्सनं दिग्दर्शित केलेल्या: १९४४ ची ‘प्रायव्हेट स्नाफू व्हर्सेस मलेरिया माइक’ आणि १९४५ ची ‘इट्स मर्डर शी सेज’. दुसरीत ॲनाफिलीस ॲनी म्हातारी झालीय. सैनिक सावध झाल्यामुळे तिचा धंदा बसलाय आणि ती आपले जुने दिवस आठवते. गंमत अशी की ही फिल्म पाहताना ॲनीची थोडी दया येते. चांगल्या व्यंगचित्रकाराच्या हातून हे होतंच. तो ज्याला चेहरा देतो त्याला थोडं माणूसपणही देऊन बसतो.

याच काळात चेहऱ्यांचा व्यवहार उलट्या दिशेनंही चालू होता. डासाला बाईचा चेहरा मिळत असताना जपानी माणसाला किड्याचं शरीर मिळत होतं. मार्च १९४५ मध्ये ‘लेदरनेक’ या अमेरिकी मरीन सैनिकांच्या मासिकात फ्रेड लॅसवेलचं एक चित्र आलं. त्यात जपान्यांना उवेची एक जात म्हणून दाखवलंय, शास्त्रीय वाटणारं खोटं लॅटिन नाव देऊन. ही कीड पुरती संपवायची तर टोकियोच्या आसपासची तिची पैदास-केंद्रंच नष्ट करावी लागतील, असा मजकूर खाली. त्याच महिन्यात, ९ आणि १० मार्चच्या रात्री, टोकियोवर आगलावे बॉम्ब पडले आणि एका रात्रीत लाखाच्या घरात माणसं मेली.

एडमंड रसेल या इतिहासकारानं ‘वॉर अँड नेचर’ या पुस्तकात हे चित्र आणि कीटकनाशकांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून दाखवलाय. किडे मारण्याची आणि माणसं मारण्याची भाषा एकमेकींना पोसत होती, हा त्याचा मुद्दा. मला तो पटतो. त्यात एक भर घालावीशी वाटते. अशा चित्रांत दोनच पात्रं उरतात, कीड आणि कीड मारणारा. तिसऱ्याला, म्हणजे दोघांच्या मध्ये उभं राहून फवारा अंगावर घेणाऱ्याला, चौकटीतच जागा नसते.

नेपल्समधले फोटो

हा तिसरा माणूस चित्रांत नसला तरी फोटोंत आहे. डीडीटी पहिल्यांदा बनवलं गेलं १८७४ मध्ये, पण ते किडे मारतं हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीत पाउल म्युलर यांनी शोधलं. तोवर लष्कर अवलंबून होतं पायरेथ्रम या शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून निघणाऱ्या पावडरीवर, आणि त्याचा मोठा पुरवठादार होता जपान. युद्ध सुरू झाल्यावर ती वाट बंद. म्हणून डीडीटीचं महत्त्व एकदम वाढलं.

१९४३ च्या अखेरीस इटलीत नेपल्समध्ये टायफसची साथ आली. हा उवांमधून पसरणारा ताप. युद्धात तोफांपेक्षा जास्त सैन्यं यानं खाल्ली आहेत. दोस्तांच्या फौजा शहरात होत्या. जानेवारी १९४४ मध्ये तिथल्या दहा लाखांहून अधिक लोकांवर पावडर फुंकली गेली. टाल्कसारख्या भुकटीत १० टक्के डीडीटी मिसळलेलं. साथ भर हिवाळ्यात आटोक्यात आली. त्या यशात एकट्या डीडीटीचा वाटा किती आणि आधीच वापरात असलेल्या पायरेथ्रमचा किती, यावर इतिहासकार वाद घालतात. पण जगानं श्रेय डीडीटीलाच दिलं, आणि १९४८ मध्ये म्युलर यांना नोबेल मिळालं.

त्या काळचे फोटो नेटवर सहज सापडतात. एक माणूस हात पसरून उभा. दुसरा हातपंपाची नळी त्याच्या बाहीत, कॉलरमध्ये, पँटच्या कमरेत घालून पावडर सोडतोय. पंप बघितल्यावर मला अर्थातच आजोळचा पंप आठवला. फवारला जाणारा कधी सैनिक, कधी बाई, कधी पोर. कुणी हसतंय, कुणी डोळे मिटलेत.

या फोटोंवर आज तुटून पडणं सोपं आहे. पण त्यांत एक मोठी चांगली गोष्ट आहे. त्याआधी उवा काढायच्या म्हणजे माणसांना नागवं करून, कपडे उकळून, केस कापून काढायच्या. पावडरीनं ते संपवलं. कपडे अंगावर ठेवूनच काम होऊ लागलं. याच युद्धात दुसरीकडे कपड्यांतल्या उवा मारण्यासाठीच वापरलं जाणारं झिक्लॉन बी हे विष नाझींनी आउशविट्झच्या गॅस चेंबरमध्ये माणसांवर सोडलं. आणि १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झनची छावणी मुक्त झाल्यावर ब्रिटिशांनी तिथल्या मरणपंथाला लागलेल्या कैद्यांवर डीडीटी टाकलं, त्यांना वाचवण्यासाठी. पावडर त्या माणसांसाठी दयाच होती. हे विसरून कीटकनाशकांवर लिहिणं अप्रामाणिक ठरेल.

फोटोंनी मात्र एक गोष्ट जगाच्या मनावर कायमची ठसवली: बघा, माणसाच्या उघड्या अंगावर टाकलं तरी काही होत नाही.

कार्सनचा एक मुद्दा

रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ चं. पर्यावरणावर बोलणारे सगळे त्याचं नाव घेतात आणि बहुतेकांच्या लक्षात राहतात ते मेलेले पक्षी. मला त्यातलं तिसरं प्रकरण सगळ्यात धारदार वाटतं. त्यात एका ठिकाणी त्या विचारतात की डीडीटी निरुपद्रवी आहे हा समज आला कुठून. त्यांचं उत्तर: युद्धात हजारो सैनिकांवर, निर्वासितांवर, कैद्यांवर ती पावडर टाकली गेली आणि लगेच कुणाला काही झालं नाही, तिथून. मग त्या शांतपणे सांगतात की कोरड्या भुकटीच्या रूपात डीडीटी कातडीतून सहज आत शिरत नाही. तेच तेलात विरघळवलं की विषारी ठरतं.

पावडर आणि तेल. एवढा साधा फरक, आणि नेपल्सच्या सगळ्या फोटोंचा अर्थ बदलतो. फोटो खोटे नव्हते. त्यांवरून काढलेला निष्कर्ष एका विशिष्ट रूपापुरता, एका विशिष्ट वेळेपुरता खरा होता. शेतांवर, झाडांवर फवारताना तेलातली द्रावणं वापरली गेली, वर्षानुवर्षं वापरली गेली, आणि दाखला दिला गेला तो पावडरीतल्या सैनिकाचा. टीका कशी करावी याचा हा धडा आहे. कार्सन इथे आवाज चढवत नाहीत. त्या फक्त विचारतात की तुमचा पुरावा नेमका कशाचा पुरावा आहे.

त्याच प्रकरणात पुढे आणखी दोन गोष्टी येतात. एक, ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं आणि युद्धातले नर्व्ह गॅस हे सख्खे भाऊ आहेत. १९३६ मध्ये गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ किडे मारायचं औषध शोधत असताना त्याला टाबून सापडला, माणूस मारणारा वायू. दोन, यातली काही औषधं एकटी बरी, पण दुसऱ्या औषधासोबत शरीरात गेली की परिणाम अनेक पटींनी वाढतो.

तरीही माझी एक तक्रार आहे. कार्सन यांच्या पुस्तकात रॉबिन पक्षी आहे, सामन मासा आहे, आजारी पडलेले शेतमजूर आणि घरातल्या बायका आहेत. परदेशी पाठवलेला सैनिक मात्र येतो तो दूर करायचा अडथळा म्हणून. लोक त्याचं उदाहरण देतात, ते खोडायला हवं, म्हणून तो येतो आणि जातो. त्याचं पुढे काय झालं हे पुस्तक विचारत नाही. १९६२ मध्ये ते विचारायचं कारणही नव्हतं. कारण मिळालं तीस वर्षांनी, आणि ते नेमकं कार्सननी मांडलेल्या याच दोन गोष्टींतून.

वाळवंटातली बेरीज

१९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेनं सुमारे ७ लाख सैनिक पाठवले. लढाई थोडक्यात आटोपली. सैनिक घरी आले आणि त्यांतले अनेक जण वेगळ्याच तक्रारी सांगू लागले: न जाणारा थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा, पोटाचे त्रास, अंगावर पुरळ. लोकांनी त्याला ‘गल्फ वॉर सिंड्रोम’ म्हटलं. डॉक्टरांनी बराच काळ त्याला मानसिक ताण म्हटलं.

आता या सैनिकाच्या अंगावर आणि पोटात काय काय होतं ते मोजू. कातडीला डीट, डास पळवणारं. कपड्यांना परमेथ्रिन, पायरेथ्रमचाच कृत्रिम अवतार. तंबूत माश्यांसाठी विषारी आमिष आणि डायक्लोरव्हॉसच्या पट्ट्या, आसपास क्लोरपायरिफॉसची फवारणी; ही दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट घराण्यातली. काहींनी कुत्र्यांच्या पिसवांसाठीचे पट्टेसुद्धा बांधले होते. शिवाय नर्व्ह गॅसचा हल्ला झालाच तर बचाव म्हणून पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइडच्या गोळ्या. नर्व्ह गॅस ज्या एन्झाइमवर हल्ला करतो, त्याच एन्झाइमला ही गोळी आधीच तात्पुरतं धरून ठेवते. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकंही त्याच एन्झाइमवर बसतात. म्हणजे एकाच नसेला तीन बाजूंनी हात लागत होते आणि प्रत्येक हात वाचवायला आलेला होता.

बऱ्याचशा वस्तू वेगवेगळ्या तपासलेल्या. बेरीज कुणी केली नव्हती. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांना डीट, परमेथ्रिन आणि पायरिडोस्टिग्मिन एकत्र दिलं, तेव्हा मज्जासंस्थेला झालेली इजा एकेकट्या औषधापेक्षा बरीच जास्त दिसली. मात्रा मोठ्या होत्या, कोंबडी म्हणजे माणूस नव्हे, हे आक्षेप रास्त होते. २००८ मध्ये अमेरिकी सरकारच्याच सल्लागार समितीनं अहवाल दिला: आजार खरा आहे, किमान चारातल्या एका सैनिकाला तो आहे, आणि त्याच्या कारणांत कीटकनाशकं आणि त्या गोळ्या आहेत. दुसऱ्या वैद्यकीय समित्यांना पुरावा तितका पक्का वाटला नाही. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासानं बोट दाखवलं ते सारीन वायूकडे. तोही श्राडरच्याच घराण्यातला. वाद मिटलेला नाही, आणि मिटल्यासारखं लिहिणं योग्य नाही.

या युद्धावरचं गाजलेलं पुस्तक म्हणजे अँथनी स्वॉफर्डचं ‘जारहेड’, २००३ चं. २००५ मध्ये त्यावर सॅम मेंडिसनं सिनेमा केला. सिनेमात गोळ्या वाटण्याचा प्रसंग आहे. सैनिकांना कागदावर सही करायला सांगतात, एक जण कुरकुरतो, मग सगळे गिळतात. प्रसंग लहान आहे, पण ॲनच्या साच्याबाहेरचा आहे. इथे कॅमेरा शत्रूकडे नाही, गोळी घेणाऱ्याच्या तोंडाकडे आहे. वाचवलं जाण्याची भीती असू शकते, हे इतक्या उघडपणे दाखवणारं दृश्य मी युद्धपटांत फारसं पाहिलेलं नाही. प्रत्यक्षात तर डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं नियमात सूट दिली होती. लढाईच्या परिस्थितीत अशी औषधं सैनिकाची संमती न घेताही देता येणार होती.

खंत एवढीच की सिनेमा लगेच पुढे सरकतो. गोळीत नाट्य आहे; ती नर्व्ह गॅसची आठवण करून देते. मानेला लावलेल्या मलमात, तंबूत लटकणाऱ्या पट्टीत नाट्य नाही. ती रोजचीच गोष्ट. डास मारणं हे घरकाम. म्हणून कथा सांगणाऱ्यांचं तिकडे लक्ष जात नाही, आणि सैनिक जेव्हा डॉक्टरला ‘मी तिथे रोज अंगाला काय काय लावत होतो’ ते सांगू लागतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात त्याला जोडायला एकही गोष्ट तयार नसते.

मामाचा चमचा

आज अमेरिकी सैनिकांचे गणवेश कारखान्यातूनच परमेथ्रिन मुरवून येतात. भारतीय तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून काँगोत, दक्षिण सुदानमध्ये उभ्या राहतात. तिथला मलेरिया आजही जीवघेणा आहे. त्यांना मच्छरदाणी, मलम, फवारणी हवीच. ‘रसायन वाईट’ एवढं म्हणून मोकळं होणाऱ्यांत मला बसायचं नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि सुमारे ८ लाख मरायचे, असा अंदाज आहे. १९५३ पासून घराघरांत डीडीटी फवारलं गेलं आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. युद्धातलं औषध ॲनच्या पुस्तिकेतल्या त्या ‘स्थानिक वस्ती’पर्यंत पोचलं आणि तिथली पोरं जगली. पुढे डासांना डीडीटीची सवय झाली, कामात ढिलाई आली, आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला.

त्या मोहिमेच्या नोंदींत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: फवारणी करून पथक गेलं की बायका भिंती सारवून टाकतात, मग औषध शेणामातीखाली जातं. अहवालांमध्ये हे अडाणीपण म्हणून येतं. मला त्यात एक मत दिसतं. भिंत तिची होती. तिच्यावर पांढरे डाग पडले होते, वास येत होता, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. सैनिकाला निदान सारवायला भिंत तरी नव्हती. त्याच्याजवळ फक्त कातडी होती.

‘धिस इज ॲन’ आजही नेटवर वाचायला मिळते. जरूर वाचा, हसू येईल. फक्त एकदा वाचताना ॲनकडे बघू नका. तिच्यापासून वाचवल्या जाणाऱ्या त्या पोराकडे बघा. त्याला जाळी शिवायला सांगितलंय, बाह्या खाली करायला सांगितलंय, मलम चोळायला सांगितलंय. सगळं बरोबरच आहे. पण हे सगळं केल्यावर अंगाला कसं वाटतं, असं त्याला पुस्तिकेत कुणी विचारत नाही, आणि त्यानं ते सांगितलंच तर लिहून घ्यायला पुढे पानही नाही.

आमच्या घरीही तसंच होतं. डास किती मेले ते आम्ही पोरं मोजायचो. आजी झाकण्या काढून पाणी बघायची. मामा कोपऱ्यात बसून चमच्यानं भात खायचा, आणि आम्हाला त्या चमच्याचं हसू यायचं.